भाड्याचं घर, मालकाची भिंत

चीता कॅम्पमधली खोली असो, ट्रॉम्बे कोळीवाड्यातलं घर असो की मानखुर्दच्या टॉवरमधला वन बीएचके, चावी हातात देताना घरमालकाची सूचना ठरलेली असते: ‘भिंतींना रंगबिंग काही लावायचा नाही.’ मग भाडेकरू स्टिकर, वॉलपेपर आणि चिकट हुकांकडे वळतो, आणि घर सोडताना निघालेल्या पोपड्यांवरून डिपॉझिटची घासाघीस सुरू होते. यातल्या बऱ्याच कटकटी काही पक्क्या बसलेल्या गैरसमजांमुळे होतात.

गैरसमज: चिकट हुक आणि टेपने भिंतीला काही होत नाही.
वस्तुस्थिती: टेप रंगाच्या सगळ्यात वरच्या थराला धरते. तो थरच कच्चा असेल तर टेप काय करणार? आधी तळहाताने भिंत चोळून बघा. हाताला भुकटी लागली तर तो चुना किंवा स्वस्तातला डिस्टेंपर. अशा भिंतीवरचा हुक एक तर पडतो, नाही तर काढताना पोपडा घेऊनच निघतो. गणपती उठल्यावर मखराच्या मागे टेपच्या मापाचे ओरखडे उरतात, ते यामुळेच. इमल्शन किंवा ऑइल पेंटची भिंत असेल तर ती पुसून, पूर्ण वाळवून मगच पट्टी लावा. ओढून काढायच्या पट्टीचं टोक भिंतीलगत सरळ खाली, सावकाश ताणायचं. आपल्याकडे खेचलं की रंग गेलाच.

गैरसमज: वॉलपेपर लावला की ओल झाकली जाते.
वस्तुस्थिती: डाग झाकला जातो, ओल तिथेच राहते. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि ट्रॉम्बेला खाडीची दमट हवा वेगळी. बाहेरच्या भिंतीत मुरलेलं पाणी वाळायला हवा लागते. प्लास्टिकचा वॉलपेपर तीच अडवतो, मागे काळी बुरशी धरते आणि प्लास्टर फुगतं. ओल असलेली भिंत उघडीच ठेवा, कपाटही चार बोटं पुढे सरकवा आणि गळतीचं मालकाला लेखी कळवा. सजावटीसाठी दोन खोल्यांमधली आतली, कोरडी भिंत निवडा.

गैरसमज: खळ लावून कापड चिकटवणं सगळ्यात सुरक्षित.
वस्तुस्थिती: कोरड्या हवेच्या गावात ही युक्ती चालून जाते. इथे मैद्याच्या किंवा कॉर्नफ्लॉवरच्या खळीवर झुरळं आणि कसर ताव मारतात, पावसाळ्यात बुरशीही येते. त्यापेक्षा खणाच्या किंवा जुन्या साडीच्या कापडाला वरून नेफा शिवा, त्यात हलकी काठी घाला आणि पडद्याच्या दांडीवरून किंवा माळ्याच्या कडेवरून दोरीने सोडा. जून लागला की उतरवायचं, दसऱ्याच्या साफसफाईत पुन्हा लावायचं.

गैरसमज: एक खिळा ठोकला की डिपॉझिट गेलं.
वस्तुस्थिती: ते करारात काय लिहिलंय आणि मालकाने कशाला परवानगी दिलीय, यावर ठरतं. आधीच्या भाडेकरूचे खिळे आणि भोकं बहुतेक घरांत असतातच. आधी तीच वापरा. लांबी भरून भोक बुजतं, पण त्यावरचा रंग जुन्या रंगाशी जुळत नाही, म्हणून न विचारता नवं भोक पाडू नका. आणि स्विचबोर्डच्या वर-खाली सरळ रेषेत तर कधीच नको. आतून वायर गेलेली असू शकते.

गैरसमज: वारली चित्र भिंतीवरच शोभतं.
वस्तुस्थिती: लग्नघरातला चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची परंपरा आहेच. पण डहाणू भागातल्या जिव्या सोमा म्हशे यांनी १९७०च्या दशकात ही चित्रं कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पिंगुळीची चित्रकथी तर आधीपासूनच कागदावरची. अशी चित्रं फ्रेम करून टेबलावर, फ्रिजवर किंवा जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा. घर बदललं की तीही सोबत येतात.

गैरसमज: करार अकरा महिन्यांचा आहे, म्हणजे नोंदणीची गरज नाही.
वस्तुस्थिती: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

म्हणून सामान लावण्याआधी, पहिल्याच दिवशी चारही भिंतींचे फोटो काढा, जुने डाग आणि भोकं स्पष्ट दिसतील असे, आणि लगेच मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. हुक, फ्रेम, खिळे यांचं काय ठरलं तेही करारात एका ओळीत लिहून घ्या. सजावटीची खरेदी त्यानंतर.