मेमरी वाटप करणाऱ्या फंक्शन्सचे दस्तऐवजीकरण आणि सुस्पष्टता : 'रीअलॉक'च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
'सी' या संगणकीय भाषेत प्रोग्रॅम चालू असताना लागणारी मेमरी मागून घेण्याची व ती परत करण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर असते. त्यासाठी मॅलॉक, कॅलॉक, रीअलॉक व फ्री ही फंक्शन्स वापरली जातात. त्यांची अंतर्गत रचना वापरकर्ता सहसा पाहत नाही. दस्तऐवजातील वाक्य हाच त्याचा आधार असतो. म्हणून मेमरी कशी मिळते याबरोबरच ती मुक्त कोणी करावयाची, हेही त्यात स्पष्ट असावे लागते.

'नल'चे दोन अर्थ :
रीअलॉक हे फंक्शन आधी घेतलेल्या मेमरीचा आकार बदलते. वाढीव मेमरी उपलब्ध नसल्यास ते नल पॉइंटर परत करते. मात्र जुनी मेमरी व तिच्यातील माहिती अबाधित राहते. हा नल थेट जुन्या पॉइंटरमध्ये साठवल्यास त्या मेमरीचा पत्ता हरवतो आणि ती मुक्त करता येत नाही. यास्तव मिळालेले मूल्य प्रथम वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्यावे लागते.

मागितलेला आकार शून्य असल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. अशा वेळी जुनी मेमरी मुक्त होते, असे १९८९ च्या प्रमाणकात नमूद होते. १९९९ च्या आवृत्तीत हे विधान उरले नाही. लिनक्सवरील जीएनयू सी लायब्ररीत जुनी मेमरी मुक्त होऊन नल मिळतो. अन्य काही प्रणालींत नल नसलेला पॉइंटर मिळतो. पहिल्या प्रकारातील नल हे अपयश समजून फ्री वापरल्यास तीच मेमरी दोनदा मुक्त होते. त्यामुळे प्रोग्रॅम कोसळू शकतो, तसेच सुरक्षिततेस धोका संभवतो. अखेर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सी २३' प्रमाणकाने शून्य आकाराची ही मागणी 'अनिश्चित वर्तन' या वर्गात टाकली.

सुस्पष्टतेचे निकष :
१) यश, अपयश व शून्य आकार या तिन्ही स्थितींतील उत्तर स्वतंत्रपणे सांगावे.
२) प्रत्येक स्थितीत जुन्या पॉइंटरचे काय होते, हे नमूद करावे.
३) मिळालेल्या मेमरीत आरंभी काय असते, ते सांगावे. कॅलॉक सर्व बिट शून्य करून देते. मॅलॉक तशी हमी देत नाही.

निष्कर्ष :
एकाच उत्तराचे दोन अर्थ निघू लागले की अचूक लिहिलेला प्रोग्रॅमही दुसऱ्या प्रणालीवर सदोष ठरू शकतो. म्हणून वर्गात ही फंक्शन्स शिकविताना त्यांच्या वाक्यरचनेइतकेच अपयशाच्या स्थितीतील वर्तनाचे वाचनही करून घेणे अगत्याचे आहे.