सदावर्त : एक दिवसाचे नव्हे, सदाचे व्रत

आषाढी एकादशीच्या पुण्यपर्वावर आज लक्षावधी भाविकांना उपवास घडेल आणि उद्या द्वादशीस पारणे फिटेल. उपवास केव्हा सुटणार हे ज्यास ठाऊक आहे, त्याचे ते व्रत होय. ज्यास ते ठाऊक नाही, त्याची ती उपासमार. हा भेद मनी ठसला म्हणजे अन्नदानाचे मर्म कळू लागते.

यात्रेच्या दिवसांत पंढरीत अन्नाला तोटा नसतो. मठामठांतून पंगती उठतात. परंतु पौर्णिमेस गोपाळकाला झाला, दिंड्या परतल्या, की दात्यांचे हातही आखडतात. भाद्रपदातील एखाद्या साध्या मंगळवारी कोणाची चूल पेटली नाही, हे कोण पाहतो? आपल्या पूर्वजांनी ते पाहिले होते. अन्नछत्रात शिजलेले अन्न पानावर वाढतात. सदावर्तात कोरडा शिधा देतात. या शब्दाचे मूळ 'सदाव्रत' असे आहे. सणापुरते ते व्रत नव्हेच. शिधा घरी जातो, आपल्या चुलीवर शिजतो आणि माउली आपल्या हाताने लेकरांना वाढते. भुकेबरोबर घराचा मानही राखला जातो.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो व प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. हा आधार फार मोठा आहे. तथापि केवळ धान्याने स्वयंपाक होत नाही. डाळ, गोडेतेल, तिखट, मीठ लागतेच. शिवाय शिधापत्रिकेवर नाव न चढलेली माणसे असतात. सदावर्ताचे स्थान नेमके तेथे आहे.

२०२० साली पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीने पंढरीस आल्या. बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे विकणारे आणि चंद्रभागेतील नावाडी गिऱ्हाईकाविना बसून राहिले. काल देणारे हात आज घेणारे झाले. त्या वेळी आम्ही व शेजारच्या काही मंडळींनी एका ओसरीवर शिधा वाटण्यास आरंभ केला, तो क्रम आजही चालू आहे. नियम साधे आहेत. जुने धान्य आधी बाहेर, नवे मागे. डाळीत कडुनिंबाचा वाळलेला पाला. फोडलेला तेलाचा डबा घ्यावयाचा नाही आणि किडके धान्य नम्रपणे परत करावयाचे. जे आपण खाणार नाही, ते दान कसे होईल? वाटपाचा दिवस ठरलेला, पिशवी सर्वांना सारखी. आवक-जावक वहीत रोजच्या रोज. मात्र घेणाऱ्याचे नाव फलकावर नाही आणि छायाचित्र तर नाहीच.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्य शिष्यास सांगतात की दान श्रद्धेने द्यावे, तसेच लज्जेनेही द्यावे. येथे लज्जा सांगितली आहे ती दात्याला, याचकाला नव्हे. दिवेलागणीनंतर कोणी येतो आणि 'शेजाऱ्यांसाठी हवे होते' असे खालच्या स्वरात म्हणतो. आम्हीही ते शेजाऱ्यांसाठीच देतो. अधिक विचारीत नाही.

पंढरीजवळच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कीर्तनात आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. तेव्हा विठ्ठल महाराचे रूप घेऊन बेदरास गेला, अशी ती कथा. देवाने तेथे काय केले, हे श्रोत्यांनी ध्यानी घ्यावे. त्याने आकाशातून धान्य पाडले नाही. त्याने धान्याचे दाम भरले, हिशेब चुकता केला आणि रीतसर पावती घेतली! सदावर्त चालविणाऱ्याने करुणेबरोबर वहीही तितक्याच निष्ठेने सांभाळावी, हा बोध त्या आख्यानात स्पष्ट आहे.

वाचकहो, वर्षात एकादश्या साधारण चोवीस. प्रत्येक एकादशीस आपल्या घरी जे दोन वेळचे धान्य शिजत नाही, ते मोजून वेगळ्या डब्यात ठेवावे व महिनाअखेरीस जवळच्या सदावर्तास पोहोचवावे. सदावर्त नसेल, तर चार घरांनी मिळून सुरू करावे. एक कोरडी खोली, एक तराजू आणि एक वही आरंभास पुरे होते. आपला उपवास असा दुसऱ्याचे पारणे होवो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.