लेकरांच्या सायकलीची वाट

उमरी हे तालुक्याचे गाव. बाजार इथे, तहसील इथे, रेल्वे स्टेशन इथे. आजूबाजूच्या खेड्यांतली पुष्कळ मुले-मुली शिकायला इथेच येतात. कोणी एस.टी.ने येतात, कोणी चालत येतात, कोणी सायकलीवर येतात. पाच किलोमीटर चालायला लेकराला तासाहून जास्त वेळ लागतो. सायकलीवर तेच अंतर अर्ध्या तासात होते.

सायकल घेणे आता पूर्वीइतके अवघड राहिले नाही. मानव विकास कार्यक्रमातून ठरावीक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी सरकार पैसे देते. शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत असावी लागते. 2022 पासून ही रक्कम 5000 रुपये आहे. आपल्या शाळेत याची चौकशी करावी.

पण सायकल आली म्हणजे झाले का? नाही. पुष्कळ घरांत ती भिंतीला टेकून उभी असते. आई म्हणते, "त्या डांबरी सडकेनं पोरीला एकटीला कसं पाठवू?"

आईचे म्हणणे खरे आहे. सडकेवरून ट्रक जातात, जीपगाड्या जातात. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत उसाचे ट्रॅक्टर जातात. साइडपट्टी खचलेली असते. मागून हॉर्न वाजला की लेकरू घाबरून खाली उतरायला बघते, चाक खड्ड्यात जाते आणि ते पडते. मोठे वाहन अगदी जवळून गेले, तर नुसत्या वाऱ्याने हँडल डगमगते. पुष्कळ मुलींची शाळा आठवीनंतर सुटते. लोक म्हणतात, पोरीला गोडी नाही. मी इतकी वर्षे मास्तरकी केली. गोडी नसलेल्या मुली मी थोड्या पाहिल्या. वाट नसलेल्या पुष्कळ पाहिल्या.

म्हणून आज सायकलीच्या वाटेविषयी सांगतो.

शहरात सायकलीसाठी वेगळी वाट करतात. तिला सायकल ट्रॅक म्हणतात. मोठ्या रस्त्याच्या कडेला ही वाट असते. तिच्यावर मोटारीने यायचे नाही, असा नियम असतो. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून नावाजलेले होते. गिरणी कामगार, कारकून, कॉलेजच्या मुली, सगळे सायकलीवर. पुढे स्कूटर आली, मोटारी आल्या आणि सायकल कडेला पडली. मग पुणेकरांना ती पुन्हा आठवली. तिथल्या पालिकेने कित्येक रस्त्यांना सायकल ट्रॅक केले. औंध हे पुण्याचे झाडीचे उपनगर. तिथे 2017 च्या डिसेंबरात भाड्याच्या सायकली ठेवल्या. मोबाइलवरून कुलूप उघडायचे, सायकल घ्यायची, काम झाले की ठेवून द्यायची. सुरुवातीला लोकांनी हौसेने त्या घेतल्या. आईबाप, पोरे, सारे सायकलीवर दिसू लागले. पण ती सोय टिकली नाही. सायकलींची मोडतोड झाली, काही चोरीस गेल्या.

ट्रॅकचे काय झाले? काही चांगले आहेत. पुष्कळांवर दुकानांच्या पाट्या आल्या, मोटारसायकली उभ्या राहिल्या. कुठे मधेच विजेचा खांब, कुठे झाड. कुठे वाट चांगली शंभर पावले जाते आणि एकदम संपते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात असाच ट्रॅक केला होता. त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. तुकड्या-तुकड्यांच्या वाटेवर कोणता बाप आपले लेकरू पाठवील? ओढ्यावरचा पूल अर्धाच बांधला, तर त्यावरून कोणी जात नाही. तसेच हे आहे.

आता परदेशातली एक गोष्ट ऐका. युरोपात नेदरलँड्स नावाचा छोटा देश आहे. आपण त्याला हॉलंडही म्हणतो. आज तिथे लहान मुले सायकलीवर शाळेत जातात, म्हातारी माणसे सायकलीवर बाजार करतात. लोकांना वाटते, तिथे पहिल्यापासून असेच असेल. तसे नाही. लढाईनंतर तिथेही मोटारी फार वाढल्या. 1971 या एका वर्षात तिथल्या रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक लेकरे होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. पोरांना घेऊन रस्त्यात बसले. "लेकरांची हत्या थांबवा," असे त्यांच्या चळवळीचे नावच होते. पुढे 1973 मध्ये पेट्रोलची टंचाई आली, तेव्हा सरकारलाही सायकल आठवली. मग वर्षानुवर्षे वाटा जोडत नेल्या. घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून बाजारापर्यंत. तुकडा कुठे सोडला नाही.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, ते श्रीमंत देश. आपल्या खेड्यात सायकलीची वाट कोण बांधणार?

अहो, आपल्याकडे ती बांधलेलीच आहे. तिला आपण पाणंद म्हणतो, गाडीवाट म्हणतो, शिवरस्ता म्हणतो. दोन्ही बाजूंना लिंब, बोर, बाभळी. ट्रक तिकडे जात नाही, जीप जात नाही. उन्हाळ्यात सावली असते. पुण्याच्या उपनगरात झाडे लावून जे करायला बघतात, ते आपल्या आज्या-पणज्यांनी बैलगाडीसाठी करून ठेवले आहे. सायकलीला वाट किती लागते? एका सायकलीला तीन-साडेतीन फूट. दोन सायकली समोरासमोर यायच्या तर सात फूट. म्हणजे साधी पायवाटही पुरते, मग गाडीवाटेचे काय बोलावे!

मात्र या वाटा उरल्या आहेत किती? दर पेरणीला धुरा थोडा सरकतो. एका बाजूचा शेतकरी वीतभर आत येतो, दुसरा म्हणतो मी का मागे राहू? दहा वर्षांत पाणंदीची बैल जाईल एवढीच फट राहते. वर वेडी बाभूळ माजते. मग कोणी तरी काटे टाकून तीही बंद करतो. सगळे दोषी, म्हणून कोणीच बोलत नाही.

वाट होती की नव्हती, हे भांडून ठरत नाही. कागदावर ठरते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात, म्हणून हे नीट सांगतो. प्रत्येक गावाचा नकाशा असतो. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. लोक त्याला मोजणी ऑफिस म्हणतात. फी भरून नक्कल घ्यावी. नकाशात एकेरी तुटक रेष दिसली, तर ती पायवाट. तिची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. तुटक रेषांची जोडी दिसली, तर ती गाडीवाट. ती साडेसोळा ते एकवीस फूट असते. नक्कल घेऊन चार जाणत्या माणसांनी वाट चालून पाहावी. नकाशात आहे आणि शिवारात नाही, असे कुठे झाले, ते लगेच दिसते.

आधी गावात बसून बोलावे. बहुतेक वेळा सरपंच आणि दोन वडीलधारी मधे पडली, की काम होते. नाहीच झाले तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. चालू वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. इथेच लोक फसतात. "बघू, दिवाळी होऊ द्या," म्हणता म्हणता मुदत निघून जाते. शेतात जायला वाटच नसेल, तर 1966 च्या जमीन महसूल कायद्यात कलम 143 आहे. त्याखाली शेतकऱ्याला बांधावरून वाट मागता येते. पाणंदी पक्क्या करण्यासाठी राज्य सरकारने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. तिची चौकशी ग्रामपंचायतीत करावी.

वाट मोकळी झाली, तरी आपल्या काळ्या जमिनीचा एक मोठा त्रास आहे. पाऊस पडला की चिखल टायरला धरतो. मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि चाक फिरतच नाही. मग लेकरू सायकल डोक्यावर घेणार का? म्हणून वाटेवर मुरूम पाहिजे. वाट मधे थोडी उंच, कडेला नाली, म्हणजे पाणी थांबत नाही. सगळी पाणंद एकदम झाली नाही तरी चालेल. आधी चिखलाचे तुकडे भरून घ्यावेत. दुसरा त्रास काट्यांचा. बाभळीचा काटा आणि सराटा, दोघेही ट्यूबचे वैरी. वाटेच्या कडेच्या काटेरी फांद्या तोडल्या, तर त्या वाटेवरच टाकून जाऊ नये. हे सांगायला नको, पण सांगावे लागते.

वाट कोणती घ्यायची, हे लेकरावर सोडू नये. रविवारी आईने किंवा बापाने सोबत जाऊन ती एकदा पाहावी. जवळ बिनकठड्याची विहीर आहे का? ओढ्याला पूर आला तर दुसरी वाट आहे का? मोठी सडक कुठे ओलांडावी लागते? वळणावर ओलांडू नये. दोन्हीकडचे लांबून दिसेल, अशी जागा धरावी. रेल्वेचे रूळ उतरूनच ओलांडावेत, सायकल हातात धरून. ओढ्याचे पाणी वाहत असेल, तर कितीही थोडे दिसले तरी सायकल घालू नये. चार-पाच मुलींनी मिळून निघावे, म्हणजे घरच्यांनाही घोर राहत नाही.

आईने सोबत जावे म्हटले, तर बाया हसतात. "आम्हाला कुठं सायकल येते?" तामिळनाडूत पुदुकोट्टै नावाचा जिल्हा आहे. तिथे 1991 साली साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. तुमच्यासारख्याच बाया अक्षरे शिकत होत्या. त्यांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शेतात राबणाऱ्या, खाणीत दगड फोडणाऱ्या, लाखाहून अधिक बाया सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या, तर त्यांनी पुरुषी सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येते, म्हणून कित्येकींना तीच जास्त सोयीची वाटली.

शिकायला खळ्यासारखी सपाट, मऊ जागा बरी. सीट इतकी खाली घ्यावी, की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पहिले दोन दिवस पॅडल मारूच नये. नुसते पायाने रेटत तोल धरावा. लुगड्याचा किंवा साडीचा काष्टा घट्ट खोचावा आणि चेनीला कव्हर लावून घ्यावे. ते सायकलीच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते.