भर दुपारचं ऊन म्हणजे चांगला उजेड नव्हे

‘ऊन कसं लख्ख पडलंय, आत्ताच घेऊन टाका.’ मेणवलीच्या घाटावर लग्नाआधीचं शूटिंग असो, तासगावकडं बेदाणा शेडवर शेतकऱ्याची मुलाखत असो, नाहीतर बावधनच्या बगाडाचा व्हिडिओ असो, हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. बरं, म्हणणारा बहुतेक वेळा घरातला वडीलधारा असतो, त्यामुळं कॅमेरावाल्या पोराला नाही म्हणता येत नाही. मग साडेबारा वाजता नवरी शालूत उभी राहते, डोळे मिचकावते, आणि व्हिडिओ पाहताना सगळे म्हणतात, कॅमेरा साधा होता वाटतं. कॅमेऱ्याचा काही दोष नसतो. दोष त्या वेळेचा असतो.

जितकं ऊन जास्त तितका व्हिडिओ चांगला, हा समज कुठंही चुकीचाच आहे. पण साताऱ्यात आणि सांगलीत मे महिन्यात तो जितका चुकतो तितका क्वचितच कुठं चुकत असेल. सांगली साधारण १६.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सातारा १७.७ अंशांच्या आसपास. सूर्य उत्तरेकडं सरकत सांगलीच्या बरोबर डोक्यावर येतो तो ७ मेच्या सुमारास, आणि साताऱ्याच्या डोक्यावर १० किंवा ११ मेला. ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो हाच. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. म्हणजे लग्नसराई आणि गावोगावच्या जत्रा भरात असतात, नेमका तेव्हाच आपल्याकडचा सूर्य सरळ टाळूवर असतो.

टाळूवरच्या उजेडानं चेहऱ्याचं काय होतं ते आरशात पाहून घ्या. कपाळ आणि नाकाचा शेंडा चमकतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर येते. डोक्यावर फेटा किंवा पदर असेल तर निम्मा चेहरा अंधारात जातो. त्यातून मेणवलीसारखा काळ्या पाषाणाचा घाट असेल तर पंचाईत वाढते, कारण काळा दगड ऊन पिऊन टाकतो आणि खालून चेहऱ्यावर जवळजवळ काहीच उजेड परत येत नाही. पाचगणीच्या टेबललँडवर उलटा प्रकार होतो. तिथल्या जांभ्यावरून उजेड परततो, पण येताना तांबूस छटा घेऊन येतो आणि हनुवटीखाली रंग चढवतो.

डोळ्यांना हे जाणवत नाही. आपले डोळे ऊन आणि सावली दोन्हीकडं क्षणात जुळवून घेतात, त्यामुळं समोरच्या माणसाचा चेहरा आपल्याला नीट दिसत असतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकच हिशेब धरावा लागतो. चेहऱ्याकडं पाहून उजेड ठरवला तर पांढरा फेटा आणि धोतर नुसतं कागदासारखं पांढरं होतं, कापडाची वीणच दिसेनाशी होते. फेटा सांभाळला तर चेहरा काळवंडतो. ‘एडिटिंगमध्ये बघू’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं. सावलीतला काळवंडलेला भाग थोडाफार वर आणता येतो. पण जिथं पांढरा पूर्ण जळाला तिथं तपशील नोंदलाच गेलेला नसतो. जे नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

मग हा समज इतका घट्ट का बसला? घरात ट्यूबलाइटखाली घेतलेला व्हिडिओ दाणेदार येतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे. तिथं उजेड फार तर काहीशे लक्स असतो. त्यावरून माणूस ठरवतो की उजेड वाढेल तसा व्हिडिओ सुधारणारच. पण भर उन्हात उजेड सुमारे १ लाख लक्स असतो आणि झाडाच्या किंवा भिंतीच्या मोकळ्या सावलीतही १० हजारांच्या घरात. म्हणजे सावलीत बसलात तरी घरापेक्षा कितीतरी पट जास्त उजेड तुमच्याकडं आहे. दुसरं कारण जुनं आहे. सुरुवातीच्या फिल्मला खरोखरच ढीगभर ऊन लागायचं. १८९३ साली अमेरिकेत एडिसननं बांधलेल्या ‘ब्लॅक मारिया’ स्टुडिओचं छप्पर उघडायचं, आणि सूर्याच्या मागं मागं अख्खी इमारत रुळावर फिरवायचे. ती गरज आता कुणालाच उरलेली नाही. सल्ला मात्र अजून चालू आहे.

जास्त उजेडाचा आणखी एक तोटा होतो. फोनच्या लेन्सचं छिद्र सहसा लहानमोठं होत नाही, म्हणून लख्ख उन्हात फोन शटरचा वेळ कमी करत नेतो, अगदी सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत. सेकंदाला २५ चित्रं घेत असाल तर डोळ्याला सहज वाटणारी हालचाल सुमारे पन्नासाव्या भागाला मिळते. म्हणूनच बैलगाडा शर्यतीचे दुपारचे व्हिडिओ तुटक दिसतात, बैलांचे पाय धावण्याऐवजी धक्के खाल्ल्यासारखे. यावर उपाय म्हणजे एनडी फिल्टर, उजेड कापणारी काळसर काच. ती रंग बिघडवते असंही म्हणतात. चांगल्या प्रतीची काच रंगाला धक्का लावत नाही, फक्त उजेड कमी करते.

इथं हमखास कुणीतरी विचारतं, ‘मग ‘स्वदेस’ मेणवलीत उन्हातच झाला ना?’ झाला. २००४ च्या त्या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी महेश अणे यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण मोठ्या युनिटकडं ऊन मऊ करायला स्किमरचं कापड असतं, रिफ्लेक्टर आणि थर्माकोल असतात, ते धरायला माणसं असतात, आणि कोणता प्रसंग किती वाजता घ्यायचा हे आधी ठरलेलं असतं. आपल्याकडं यातलं काही नसेल तर वेळ आणि जागा निवडणं एवढंच हातात उरतं. ते फुकट आहे.

वेळ ओळखायला घड्याळ पाहायची गरज नाही, सावली पाहा. ती तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर कॅमेरा काढा. मे महिन्यात आपल्याकडं ही अट सकाळी सव्वानऊपर्यंत आणि दुपारी पावणेचारनंतर पुरी होते. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे सकाळचे तीन तास हाती आहेत. दुपारीच करावं लागलं तर सोप्याच्या किंवा देवळाच्या मंडपाच्या कडेला, सावलीत, आकाशाकडं तोंड करून माणसाला बसवा. आंब्याखाली बसवताना मात्र कवडसे तपासा. चेहऱ्यावर कवडसे पडण्यापेक्षा सरळ ऊन बरं. सावली कुठंच नसेल तर पायाशी पांढरं धोतर अंथरा, डोळ्यांखालचा काळेपणा लगेच कमी होईल.

बाकीचे समज थोडक्यात. सूर्य नेहमी आपल्या पाठीशी ठेवावा हा बॉक्स कॅमेऱ्याच्या काळातला नियम आहे. त्यानं समोरच्याचे डोळे मिटतात आणि चेहरा सपाट होतो. बगाडाची किंवा शर्यतीची वेळ तुमच्या हातात नसते, तिथं तिसऱ्या प्रहरी सूर्य बैलांच्या मागं येईल असे उभे राहा, उडणारी धूळसुद्धा सोन्यासारखी उजळते. आभाळ आलं की दिवस वाया गेला, हेही खोटं. वळवाचे ढग म्हणजे फुकटचं स्किमर. रंग ऑटोवर सोडले की खरे येतात असंही नाही. हळदीच्या ढिगासमोर किंवा हिरव्या शेडनेटखाली फोन गोंधळतो, तिथं व्हाइट बॅलन्स लॉक करा. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. कव्हर काढून सावलीत ठेवा. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं ॲपल स्वतःच सांगतं, आणि आपला पारा एप्रिलमध्येच त्यापुढं जातो. २५० ग्रॅमचा ड्रोन कुठंही उडवता येतो हा समज तर महागात पडेल. २०२१ च्या ड्रोन नियमांतले प्रतिबंधित भाग त्यालाही लागू आहेत, आणि कोयना व चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन नाही.

कॅमेरावाल्याला बोलावणाऱ्या घरच्यांना एक विनंती आहे. तो सकाळी सहाला या म्हणाला तर त्याचं ऐका. दुपारी १२ ते ३ उन्हात जाणं टाळा, असं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण दर उन्हाळ्यात सांगतं. शालू नेसलेल्या मुलीला आणि फेटा बांधलेल्या आजोबांना तेवढ्या वेळात घाटावर उभं करू नका.