ट्रायोड की पेंटोड? आधी स्पीकरला विचारा

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, आर्मेनियन स्ट्रीटवर, आपल्या नामदार गोखल्यांच्या नावाचं सभागृह आहे. ॲनी बेझंट यांनी यंग मेन्स इंडियन असोसिएशनसाठी ते उभारलं. होमरूलची भाषणं तिथे गाजली, कर्नाटक संगीताच्या मैफलीही रंगल्या. सुरुवातीला माईक नव्हताच. गळ्यात जेवढा दम, तेवढी सभा.

आवाज भिंतीपलीकडे नेण्याची सोय याच शहरात लवकर आली. सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब निघाला आणि ३१ जुलै १९२४ रोजी ४० वॉटच्या ट्रान्समीटरवरून त्याचे कार्यक्रम सुरू झाले. १९२७ मध्ये पैशाअभावी क्लब बंद पडला, पण यंत्रसामग्री महापालिकेकडे गेली आणि १९३० पासून रिपन बिल्डिंग या मुख्यालयातून महापालिकेचं प्रसारण सुरू झालं. हा सारा डोलारा उभा होता तो काचेच्या निर्वात नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर. त्याच व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर आज हौशी मंडळी पुन्हा घरी आणतात आणि लगेच वाद सुरू होतो: सिंगल-एंडेड ट्रायोड चांगला की पेंटोड?

सिंगल-एंडेड म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या शेवटच्या टप्प्यात अख्खी ध्वनिलहर एकच व्हॉल्व्ह वाहून नेतो. पुश-पुलमध्ये तेच ओझं जोडीने वाटून घेतलं जातं. ट्रायोडमध्ये तीन भाग: इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड, ते ओढून घेणारी प्लेट आणि मधली नियंत्रक ग्रिड. १९२६ मध्ये फिलिप्सच्या बर्नार्ड टेलेगेन यांनी आणखी दोन ग्रिड असलेला पेंटोड तयार केला. कमी सिग्नलमध्ये जास्त काम, हा त्याचा गुण.

दोन नमुने शेजारी ठेवून पाहू. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी हा ट्रायोड १९३० च्या दशकात चित्रपटगृहांच्या ॲम्प्लिफायरसाठी वापरला गेला. बाटलीसारखा फुगीर काचेचा. ३५० व्होल्ट आणि ६० मिलिअँपिअरवर चालवला तर ग्रिडला उणे ७४ व्होल्ट बायस, म्हणजे स्थिर दाब, लागतो. म्हणजे त्याला हलवायलाच आधीच्या टप्प्याने मोठा सिग्नल द्यायला हवा. हाती येतात साधारण आठ वॉट. फिलिप्सचा ईएल८४ पेंटोड १९५३ चा, करंगळीएवढा. २५० व्होल्टवर त्याला उणे सात-साडेसात व्होल्ट बायस पुरतो आणि एकटा ५.७ वॉट देतो. हिशेबी उत्पादकाने कोणता निवडला असेल, हे सांगायला नको.

पण ही काटकसर फुकट येत नाही. ३००बीचा अंतर्गत रोध सुमारे ७०० ओहम, ईएल८४चा ३८ हजारांच्या घरात. त्यामुळे पेंटोड नुसता जोडला तर स्पीकरच्या कोनवर त्याचा लगाम राहत नाही. मृदंगाची थाप पडून गेली तरी खर्ज घुमत राहतो. त्यावर उपाय निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा अंश उलटा करून आत पाठवायचा. बेल लॅब्सच्या हॅरल्ड ब्लॅक यांना ही युक्ती १९२७ मध्ये सुचली. ट्रायोडचं बऱ्याच वेळा त्याशिवायही भागतं. त्याची विकृती प्रामुख्याने दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराची. ती कानाला खुपत नाही, उलट स्वर भरल्यासारखा वाटतो. गोडव्याचा काही भाग म्हणजे चक्क दोषच आहे, हे ट्रायोडच्या भक्तांना रुचत नाही, पण खरं आहे.

आपल्याकडे या वादाला आणखी एक पदर आहे. "जुन्या रेडिओचा आवाज काय गोड होता!" असं आजोबा म्हणतात, तेव्हा ते बहुधा ट्रायोडची आठवण काढत नसतात. पन्नास-साठच्या दशकांतल्या व्हॉल्व्हच्या रेडिओत शेवटी सहसा ईएल८४सारखा पेंटोडच असे, तोही सिंगल-एंडेड. जोडीला हलक्या कागदी कोनचा मोठा स्पीकर आणि लाकडी पेटी. तीन-चार वॉटमध्ये अख्खं घर बातम्या ऐकायचं.

पुढे ट्रान्झिस्टर आला. जॉर्ज टाउनच्या कडेला, बीच स्टेशनसमोर, ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांचा बर्मा बझार उभा राहिला आणि परदेशी टेपरेकॉर्डरसाठी शहरभर नावाजला. व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर गेले.

आज निवड करायची तर आधी स्पीकर पाहावा. एका वॉटला एक मीटरवर ८५ डेसिबल देणारा आधुनिक छोटा स्पीकर आणि ९८ डेसिबलचा हॉर्न स्पीकर यांत तेरा डेसिबलचं अंतर आहे, म्हणजे शक्तीत वीस पट. हॉर्नवर आठ वॉटमध्ये जे होतं, त्यासाठी छोट्या स्पीकरला १६० वॉट हवेत. चित्रपटगृहं एवढ्याशा ॲम्प्लिफायरवर भरत, ती हॉर्नमुळे. तेव्हा घरात हॉर्न किंवा तसाच संवेदनशील स्पीकर असेल आणि ऐकणं गायन-वीणेचं असेल, तर ३००बीवर खर्च करावा. साधा स्पीकर असेल तर ईएल८४ची पुश-पुल जोडी, फीडबॅकसह, दहा वॉट देईल आणि खर्जही आवरेल. खोलीचं तापमानही लक्षात घ्यावं: गाणं चालू असो वा नसो, स्टिरिओसाठी लागणारी ३००बीची जोडी पन्नासहून अधिक वॉट उष्णता ओतत राहते. चेन्नईच्या मे महिन्यात हाही मुद्दा ट्रायोड-पेंटोडइतकाच महत्त्वाचा ठरतो.