कीर्तनकार आणि कोश

कोशात कोणाची नोंद असावी आणि कोणाची नसावी, हा प्रश्न एके काळी संपादक मंडळाच्या चार भिंतींआड सुटत असे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्धीस नेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाची उभारणी झाली आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली वाचकांच्या हाती आला. या ग्रंथांत काय आहे हे वाचकाला दिसे. परंतु कोणाचे नाव विचारात घेऊन गाळले गेले आणि कोणत्या कारणाने, हे कळण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोशाने, म्हणजे विकिपीडियाने, ही गाळण्याची क्रियाच चव्हाट्यावर आणली. एखाद्या नोंदीवर शंका आली की ती ठेवावी की काढावी याची चर्चा तेथे उघडपणे चालते. इंग्रजी आवृत्तीत या चर्चेला साधारणतः सात दिवसांची मुदत असते, आणि निर्णय हात वर करून होत नाही. कोणत्या बाजूने कोणती कारणे आणि कोणते पुरावे मांडले गेले, हे पाहून होतो.

या चर्चांत सर्वांत अवघड ठरणारा एक वर्ग म्हणजे धर्मोपदेश करणारे आणि त्याचे प्रक्षेपण करणारे लोक. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. येथे गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह बसतात, काल्याच्या कीर्तनाला पंचक्रोशी लोटते. औश्याच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन आहे, मन्मथस्वामींची परंपरा सांगणारे वीरशैव शिवकीर्तन आहे, नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात गुरबाणीचे कीर्तन आहे. पूर्वी हे सारे त्या मांडवापुरते असे. नंतर ध्वनिक्षेपक आले, ध्वनिफिती आल्या, परभणी आणि नांदेडची आकाशवाणी केंद्रे आली. आणि आता ज्याच्यापाशी मोबाईल आहे तो प्रत्येक टाळकरी आपल्या महाराजांचा प्रक्षेपक झाला आहे. एका कीर्तनाला यूट्यूबवर लाखाच्या घरात श्रोते मिळणे ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मग ज्याला लाखो लोक ऐकतात, त्याची कोशात एक पान नोंद नसावी, हा अन्याय नव्हे काय, असे शिष्यवर्ग विचारतो. वरवर पाहता त्याचे म्हणणे रास्त वाटते.

परंतु कोशाचा निकष वेगळा आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. व्यक्ती मोठी आहे की लहान, तिचा उपदेश सत्य आहे की असत्य, तिला किती अनुयायी आहेत, यांपैकी काहीही विकिपीडिया प्रथम विचारीत नाही. तो एवढेच विचारतो की, या व्यक्तीशी ज्यांचा हितसंबंध नाही अशा विश्वसनीय लेखकांनी तिच्याविषयी पुरेशा विस्ताराने काही लिहून प्रसिद्ध केले आहे काय? केले असेल तर नोंद टिकते, नसेल तर गळते. श्रोत्यांची संख्या फार तर लोकप्रियता दाखवील. तेवढ्यावरून त्या माणसाचे चरित्र लिहिता येत नाही. तो कोठे शिकला, त्याची परंपरा कोणती, त्याच्या संस्थेचा पैसा कोठून येतो, त्याच्या उपदेशाला कोणी आक्षेप घेतला, हे कोणी तिऱ्हाइताने नोंदवले नसेल तर कोशकाराने लिहावयाचे काय? महाराजांच्या वाढदिवसाच्या पुरवणीतला मजकूर?

येथे नांदेड जिल्ह्यातीलच एक उदाहरण उद्बोधक ठरेल. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, म्हणजेच संतकवी दासगणू महाराज (१८६८-१९६२), पोलीस खात्यात नोकरीला होते. पुढे ती सोडून ते पूर्णवेळ कीर्तनकार झाले. उमरी तालुक्यातील गोरटे हे त्यांचे स्थान. शिर्डीच्या साईबाबांचे नाव मुंबई-ठाण्यापर्यंत नेण्यात या एका माणसाच्या वाणीचा वाटा फार मोठा आहे. ध्वनिक्षेपकावाचूनचे ते प्रक्षेपणच होते. गोविंद रघुनाथ दाभोळकरांच्या 'श्रीसाईसच्चरित' या ग्रंथात ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिरातील त्यांच्या कीर्तनाची हकीकत आहे. ते कीर्तन ऐकून चोळकर नावाच्या एका गरीब उमेदवाराने बाबांना नवस केला आणि तो फेडीपर्यंत साखर वर्ज्य केली. त्याच ग्रंथात नांदेडचे पारशी व्यापारी रतनजी येतात. दासगणूंच्या सांगण्यावरून ते शिर्डीला जातात. बाबा त्यांच्याकडे दक्षिणा मागतात आणि त्यांतील ३ रुपये १४ आणे आपल्याला आधीच पोचले आहेत असे सांगतात. पुढे दासगणूंना आठवते की, नांदेडात हमाली करणारे मुस्लिम सत्पुरुष मौलीसाहेब यांच्या पाहुणचाराला रतनजींना नेमका तेवढाच खर्च आला होता. हिशेबाच्या चिटोऱ्यापर्यंत जाणारा हा तपशील इतका जिवंत आहे की, त्या काळचे नांदेड डोळ्यांपुढे उभे राहते.

पण हा ग्रंथ भक्ताने भक्तांसाठी लिहिलेला आहे. दासगणूंचे चरित्र लिहिले तेही त्यांचे शिष्य अनंत दामोदर आठवले यांनी, जे पुढे स्वामी वरदानंद भारती म्हणून ओळखले गेले. कोशाच्या कडक निकषाने पाहिले तर ही दोन्ही साधने घरची ठरतात. त्यांतून माहिती घेता येईल, साक्ष घेता येणार नाही. दासगणूंची नोंद निर्वेधपणे टिकते ती बाहेरच्या लेखनामुळे. अँटोनिओ रिगोपोलोस या इटालियन अभ्यासकाचा साईबाबांवरील ग्रंथ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. २०१६ साली कार्लीन मॅक्लेन या अमेरिकन विदुषीने साईबाबांच्या मरणोत्तर कीर्तीचा अभ्यास केला, तेव्हा दासगणूंची भूमिका तिने स्वतंत्रपणे तपासली. भक्तीने नव्हे, चिकित्सेने. गोरट्याच्या कीर्तनकाराला तिऱ्हाईत साक्षीदार मिळाला तो असा सातासमुद्रापार. आपल्या अंगणातील माणसाची दखल दुसऱ्याने घेतल्यावरच ती पक्की व्हावी, ही गोष्ट मराठवाड्यातील विद्याव्यवसायाला भूषणावह म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाकाऊ नाही. छापील पुराव्याचा हा आग्रह शहरांना, इंग्रजीला आणि पुरुषांना अनुकूल आहे, असे आक्षेपक म्हणतात. जी परंपरा मुळात मुखाने चालते तिला कागद मागणे म्हणजे पोहणाऱ्याला पायातले जोडे दाखवायला सांगणे होय! खेड्यापाड्यांतून कीर्तन करणाऱ्या स्त्रियांविषयी तर छापील शब्द शोधूनही हाती लागणे कठीण. निकष लावणाऱ्यांची चूक होते हेही जगाने पाहिले आहे. डोना स्ट्रिकलंड या कॅनडातील पदार्थशास्त्रज्ञ विदुषीची नोंद २०१८ च्या मे महिन्यात पुरेशा संदर्भांअभावी नाकारण्यात आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिला नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मौखिक साक्षीला संदर्भाचा दर्जा द्यावा काय, याचा एक प्रयोग २०११ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत करण्यात आला. जाणत्या माणसांची ध्वनिमुद्रित निवेदने घेऊन त्यांच्या आधारे नोंदी लिहून पाहण्यात आल्या. परंतु तो प्रयोग कोशाचा सर्वमान्य नियम झाला नाही.

तो नियम होऊ नये यालाही कारण आहे. गावातले एखादे लोकखेळाचे नियम सांगणारी आजीबाई आणि आपल्या गुरूचे चमत्कार सांगणारा शिष्य, हे दोघे एकाच मापाने मोजता येत नाहीत. पहिलीला खोटे सांगण्याचे कारण नाही. दुसऱ्याला कारण आहे, आणि बहुधा ते त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नसते. धर्माच्या क्षेत्रात तर ही जपणूक अधिकच हवी. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस लातूर जिल्ह्यातील अहमदपूरला जे घडले ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. वयाची शंभरी ओलांडलेले डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज जिवंत समाधी घेणार, अशी वार्ता पसरली आणि करोनाच्या ऐन साथीत हजारो लोक भक्तिस्थळाकडे धावले. वार्ता खोटी होती. महाराजांचे निधन त्यानंतर, १ सप्टेंबर रोजी, नांदेडच्या रुग्णालयात झाले. ती अफवा पसरविणाऱ्यांपैकी बहुतेकांचा भाव शुद्धच असणार. शुद्ध भाव आणि विश्वसनीय साक्ष या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढेच त्यावरून दिसते. अशा वेळी खात्री करून घेण्यासाठी शिक्षक किंवा विद्यार्थी ज्या पानाकडे वळेल, ते पान मठाच्या कार्यालयातून लिहिले गेलेले असेल तर त्याचा उपयोग काय?

शिवाय कोशातील नोंद ही पालखी नव्हे, हे भक्तमंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. एकदा नोंद झाली की तीत आक्षेपही येतात. यूट्यूबमुळे महाराष्ट्रभर ऐकले जाणारे निवृत्ती महाराज इंदुरीकर यांचेच पाहावे. अपत्याच्या लिंगाविषयी कीर्तनात केलेल्या विधानावरून २०२० साली त्यांच्याविरुद्ध गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली तक्रार झाली आणि तो वाद संगमनेरच्या न्यायालयातून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. वृत्तपत्रांनी त्याचे सविस्तर वृत्तांत छापले. त्यांच्यावरील नोंदीला आधार पुष्कळ आहे, तो स्तुतीचा आहे तसाच टीकेचाही आहे. आणि टीका वगळून नुसती स्तुती ठेवण्याची मुभा कोश देत नाही. पैसे घेऊन नोंद लिहिणाऱ्याने ते उघड केले पाहिजे, असे बंधनही २०१४ पासून विकिपीडियाच्या वापराच्या अटींत आहे. आपल्या महाराजांचे पान व्हावे म्हणून धडपडणाऱ्यांनी हा व्यवहार आधी समजून घ्यावा.

तेव्हा नांदेड-लातूरकडील आजच्या बहुसंख्य कीर्तनकारांची नोंद आज टिकणार नाही, हे मान्य करावे लागेल, आणि त्यासाठी निकष वाकविण्याची मागणी करू नये. दोष निकषाकडे थोडा आणि स्थानिक लेखणीकडे फार आहे. नाटकाचे परीक्षण होते, गाण्याच्या मैफलीचे होते, कवितासंग्रहाचे तर होतेच होते. कीर्तनाचे परीक्षण किती वेळा वाचावयास मिळते? सप्ताहाची बातमी येते ती 'भाविकांनी लाभ घ्यावा' या ओळीने संपते. अभंगाची निवड कशी होती, निरूपणात दृष्टांत कोठले होते, चाल वारकरी की नारदीय, काही अवैज्ञानिक बोलले गेले काय, बिदागी किती ठरली होती, हे विचारणे म्हणजे जणू अश्रद्धा! नरहर कुरुंदकर ज्या नांदेडात शिकवीत आणि लिहीत होते, जेथे धर्मग्रंथांची निर्भय चिकित्सा एका प्राध्यापकाने सामान्य वाचकापर्यंत नेली, तेथे ही भीड असावी हे विशेष. कुरुंदकरांनी श्रद्धावानांशी वाद घातला, पण त्यांना वगळून मराठवाड्याची संस्कृती सांगता येईल असे त्यांनी कधी मानले नाही.

काम अवघड आहे असेही नाही. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांत महाविद्यालये पुष्कळ आहेत आणि प्रबंधाला विषय मिळत नाही ही विद्यार्थ्यांची तक्रार जुनीच आहे. एका तालुक्यातील एका वर्षाचे सप्ताह, त्यांतील कीर्तनकार, त्यांची गुरुपरंपरा, जात, शिक्षण आणि श्रोत्यांतील स्त्रियांचे प्रमाण एवढे जरी कोणी प्रामाणिकपणे नोंदवून छापले, तरी पुढच्या कोशकाराच्या हाती पहिला तिऱ्हाईत कागद पडेल. आकाशवाणीचा उपयोगही असाच. तेथे कलावंत स्वतःच स्वतःला ऐकवीत नाही, दुसरा कोणीतरी त्याची निवड करतो. त्या निवडीची दफ्तरे ही यूट्यूबवरील आकड्यापेक्षा वजनदार साक्ष आहेत.

आणि घाई आहे ती ध्वनिफितींची. १९८० नंतरच्या दोन दशकांत घरोघरी जमलेली कीर्तनांची कॅसेटे अजून पुष्कळ माळ्यांवर आणि ट्रंकांत पडून आहेत. चुंबकीय फीत उन्हाने आणि दमटपणाने खराब होते, तिच्यावर बुरशी धरते, आणि वाजविण्याचे यंत्र तर दुरुस्त करणारेही आता सापडत नाहीत. आवरणावर बहुधा कीर्तनकाराचे नाव असते. गाव नसते, तिथी नसते. ती सांगू शकणारे विणेकरी आणि मृदंगवादक आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.