फॉरमॅट नको, आधी रॅम तपासा

रॅम महागली, ही बातमी आता जुनी झाली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सचा बाजार उचलला आणि ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी १४ ऑक्टोबरला विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट थांबले होते. नवा लॅपटॉप घेणं जड जातं, म्हणून आहे त्यातच आठ जीबीची पट्टी टाकून भागवायचं, हा हिशेब सोलापुरातही घरोघरी सुरू आहे. भाव चढले की जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या पट्ट्याही बाजारात फिरू लागतात, हे लक्षात ठेवायला हवं.

पट्टी बसते, दोन दिवस लॅपटॉप पळतो. मग जीएसटीचं रिटर्न भरताना किंवा परीक्षेचा फॉर्म अर्धा असताना स्क्रीन निळी होते. लॅपटॉप दुकानात जातो आणि ठरलेलं उत्तर मिळतं, 'विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारून देतो.' या उत्तराला माझा ठाम विरोध आहे. विंडोज नव्याने टाकताना प्रत्येक फाइल रॅममधूनच डिस्कवर जाते. पट्टीत दोष असेल तर नवं विंडोजही बिघडलेलंच उतरू शकतं. फॉरमॅटचे पैसे जातात, टॅलीचा डेटा आणि घरचे फोटो जातात, आठवड्याने निळी स्क्रीन परत येते.

दोष रॅमचा की सॉफ्टवेअरचा, याचा पहिला अंदाज घरीच येतो. दर वेळी एकाच प्रोग्रॅममध्ये लॅपटॉप बंद पडत असेल तर आधी त्या प्रोग्रॅमकडे बघा. कधी ब्राउझर, कधी एक्सेल, कधी नुसता चालू असताना, आणि दर वेळी वेगळा एरर येत असेल, तर संशय रॅमवर घ्या. नवी पट्टी टाकल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, विशेषतः डीडीआर५ मध्ये. मशीन तेव्हा पट्टीशी जुळवून घेत असतं. घाबरून बटण दाबून धरू नका.

रॅमच्या बिघाडावरचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा अभ्यास २००९ चा आहे. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर यांनी गूगलच्या दोन संशोधकांसोबत गूगलच्या सर्व्हरमधल्या मेमरीची सुमारे अडीच वर्षांची नोंद तपासली. वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या. तोवर अशा चुकांचा दोष बहुतेक वैश्विक किरणांसारख्या क्षणिक कारणांवर टाकला जाई. या नोंदींनी बोट दाखवलं ते मुख्यतः पट्टीतल्याच कायमच्या दोषाकडे. असा दोष फॉरमॅटने कसा जाणार?

त्याच अभ्यासात तापमानाचा परिणाम अनपेक्षितपणे कमी दिसला होता. पण ती डेटा सेंटरं होती, जिथे हवा सांभाळलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, लॅपटॉप गादीवर असतो आणि यंत्रमागाच्या शेडजवळ सुताचा भुसा पंख्यात जाऊन बसतो. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार. तो गळतो, म्हणून डीडीआर४ पर्यंतच्या पट्ट्यांत दर ६४ मिलीसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. चिप ८५ अंशांच्या वर तापली की गळती इतकी वाढते की हेच काम ३२ मिलीसेकंदांत उरकावं लागतं. काठावर पास झालेली पट्टी तिथे उघडी पडते. सकाळी चालणारा लॅपटॉप दुपारी बंद पडत असेल, तर पंखा साफ करा आणि पट्टी तपासा.

तपासणी अवघड नाही. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नॉस्टिक' असतंच, पण मेमटेस्ट८६+ हे मोफत साधन जास्त कडक. ते पेन ड्राइव्हवरून चालतं, मेमरीच्या कप्प्याकप्प्यात आकडे लिहून परत वाचतं. रात्री लावून ठेवा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी नापास. मग एकेक पट्टी एकटी, आळीपाळीने दोन्ही स्लॉटमध्ये. चूक पट्टीबरोबर फिरली तर दोष पट्टीचा, स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्डचा. दोन्ही पट्ट्या एकेकट्या पास आणि जोडीने नापास झाल्या, तर त्यांचं आपसात जुळत नाही.

पट्टी काढण्याआधी चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला हात लावा. पट्टी तिरकी सरकवायची, सोनेरी पाती जवळपास दिसेनाशी झाली की खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा टक आवाज यायला हवा. पात्यांवर खोडरबर घासण्याची आपल्याकडची पद्धत काळवंडलेल्या जुन्या पट्टीला कधी लागू पडते, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला की नवं दुखणं लागतं. डीडीआर३ च्या काळातल्या लॅपटॉपवाल्यांनी एक अक्षर नीट वाचावं. अनेक यंत्रांना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल पट्टीच लागते, आणि १.५ व्होल्टची साधी पट्टी त्याच खाचेत बसते, पण चालत नाही.

म्हणून दुकानात शिरताना तीन गोष्टी मागून घ्या. पट्टीचा सीरियल नंबर घातलेलं पक्कं बिल, वॉरंटी कोण देणार याचं स्पष्ट उत्तर, आणि रात्रभराच्या चाचणीत नापास झाल्यास बदलून देण्याचा शब्द. शब्द मिळत नसेल तर दुसरं दुकान गाठा. आणि फॉरमॅटला होकार देण्याआधी जुनी पट्टी परत बसवून लॅपटॉप दोन दिवस चालवून बघा.